बाहेर उभी राहून आत बघणारी हिल्का

हिल्काचं धुरात शिरणं थांबलं ते गुडघ्यांमुळे. गावचं अग्निशमन दल सगळं हौशी माणसांचं. कुणी गोठा सांभाळणारा, कुणी जंगलात लाकूड तोडणारा, आणि हिल्का शाळेच्या स्वयंपाकघरातली. कुठे आग लागली की हातातलं टाकून सगळे बंबाकडे पळायचे, आणि मास्क चढवून आत शिरणाऱ्यांत हिल्का पुढे असायची. एका वर्षीच्या तपासणीत गुडघ्यांनी दगा दिला. मग दलप्रमुख कौकोने पंजात मावेल एवढा, चित्र दिसणारा एक पडदा तिच्या हातात ठेवला.

"आत जाणाऱ्याच्या कॅमेऱ्याला धुरातही उष्णता दिसते. त्याला दिसेल ते तुला इथे बाहेर दिसेल, तारेबिरेशिवाय. बघ आणि त्याला वॉकीटॉकीवर सांग."

"म्हणजे मी टीव्ही बघत बसू?"

"बसून नाही. उभी राहून."

काही दिवस ती फुगून होती. पण कुठलंही काम अर्धवट करणं तिच्या रक्तातच नव्हतं. बुधवारच्या सरावाला ती एकेकाला कॅमेरा देऊन आत पिटाळायची आणि स्वतः अंगणात पडद्यावर डोळे लावून उभी राहायची. हळूहळू चित्राच्या हेलकाव्यावरून कॅमेरा कुणाच्या हातात आहे ते तिला ओळखू यायला लागलं.

"वेर्नेरी, कॅमेरा हळू फिरव. पोटात ढवळतंय माझ्या."

"मग नको बघूस."

"नाही बघितलं तर तुझ्या आईला काय सांगू?"

वेर्नेरी हसला, पण कॅमेरा हळू फिरवायला लागला.

मार्चमधल्या एका दुपारी लेम्पीच्या घराला आग लागली. लेम्पी ऐंशीच्या पुढची, एकटी राहणारी, कानाने कमी. शेजारीण सांगत होती, "या वेळी ती काचेच्या ओसरीतच असते. विणत बसते."

वेर्नेरी आणि त्याचा जोडीदार नळी ओढत, रांगत आत गेले. हिल्काच्या पडद्यावर स्वयंपाकघर सरकलं, मग बैठकीची खोली. तापलेलं पांढरं दिसायचं, थंड काळं. छताकडे सगळं पांढरंफेक, जमिनीलगत करडं.

"दिसली," वेर्नेरीचा आवाज आला. "ओसरीच्या दारापाशी आहे. आजी, घाबरू नका हं, आलोच मी."

"उचल आणि निघ," कौको म्हणाला.

पडद्यावर खरंच एक आकृती जमिनीशी वाकलेली होती. चित्र डावीकडे कललं, तशी तीही कलली. हिल्काने पडदा डोळ्यांजवळ नेला. आकृतीच्या हातात काहीतरी चौकोनी होतं. आपण चुकत असलो तर आपल्या एका शब्दाने लेम्पीचा जीव जाईल, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"वेर्नेरी, थांब. रिकामा हात वर कर."

"काय?"

"हात वर कर म्हणते ना."

आकृतीने हात वर केला.

"ती काच आहे, कॅमेऱ्याला आरशासारखी. तूच दिसतोयस तुला."

"काचेच्या मागे असेल लेम्पी," कौको म्हणाला. "काचेपलीकडचं कॅमेऱ्याला दिसत नाही. फोडू दे त्याला."

काच फोडली तर आत वारा घुसणार आणि आग भडकणार. हिल्का मघाचं स्वयंपाकघर आठवू लागली. टेबलाखाली काळपट काहीतरी होतं, गुंडाळलेल्या सतरंजीसारखं. पण सतरंजी टेबलाखाली कोण ठेवेल? लेम्पी तर नाहीच. तिच्या घरात चमचासुद्धा जागा सोडत नाही.

"ती ओसरीत नाही," हिल्का म्हणाली. "मागे जाऊ दे. स्वयंपाकघर, टेबलाखाली."

कौकोने तिच्याकडे पाहिलं, मग वॉकीटॉकी तोंडाशी धरली. "ती सांगतेय तसं कर."

चित्र वळलं, अडखळलं, टेबलाचा पाय आला. त्याच्यामागे पाऊल, लोकरी मोज्यातलं. आणि ते हललं.

लेम्पीला बाहेर आणलं तेव्हा तिचा चेहरा काजळीने माखला होता. खोकत खोकत ती वेर्नेरीवर ओरडत होती की दंड सोड, दुखतोय. रुग्णवाहिका गेल्यावर वेर्नेरी मास्क काढून हिल्काशेजारी बर्फातच बसला.

"मी स्वतःलाच आजी म्हणत होतो."

"ऐकलं मी. फार मायेने बोलत होतास."

नंतरच्या बुधवारी हिल्काने शाळेच्या भोजनगृहाचं काचेचं दार निवडलं. सगळ्यांच्या मास्कवर डोळ्यांजवळचंच तेवढं दिसेल अशी पातळ फडकी बांधली, एकेकाला कॅमेऱ्याचं चित्र बघत दाराकडे रांगत पाठवलं आणि दिसेल त्या माणसाला हात करायला लावला. कुरकुर सगळ्यात जास्त केली ती कौकोने, म्हणून तिने त्याला दोनदा पाठवलं.