रुमालाखालचा नंबर

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकाची बोटं दाबून आकडा सांगतात. चार माणसं भोवती उभी असतात, त्यांना फक्त रुमाल हललेला दिसतो. एकानं बोट दाबलं की दुसऱ्यानंही दाबायचं, तेव्हा सौदा पक्का. आणि कुणी समोरच्याची बोटं त्याच्याच तळहातात मिटवून मूठ बंद केली, तर समजायचं की जनावर घरी चाललं, आता पुढं बोलू नका.

मी तिसरी शिकलो, तीही अर्धी. पण उदगीरपासून भालकीपर्यंतच्या बाजारात रुमालाखाली मला फसवील असा माणूस अजून जन्मायचा आहे, असं मी सांगत असे. अजूनही सांगतो. फोनवर रुमाल टाकता येत नाही, तेव्हा पुढची गोष्ट त्या हिशेबात धरायची नाही.

आमचं गाव भालकी तालुक्यातल्या मेहकरच्या बाजूला. मुलगा बीदरला कन्नड शाळेत मास्तर आहे. माझ्या तुरीचे पैसे भालकीच्या बँकेत, माझ्याच नावावर. पण काढायचे म्हणजे मुलाला सांगायचं, मग तो रविवारी आणून द्यायचा. देताना तो जास्त काही बोलायचा नाही. "कशाला पाहिजेत अप्पा?" एवढंच विचारायचा. तंबाखूला, पानाला, कुणाच्या बारशाला, जे असेल ते सांगावं लागायचं. ज्या पोराला मी बोट धरून शाळेत घातलं, त्याला मी कशाला पाहिजेत ते सांगायचं. म्हणून गावात सगळ्यांच्या फोनात आलेलं ते पैशाचं ॲप मीही मागितलं.

"एक अट हाय," मुलगा म्हणाला. "एक रुपया जरी भलतीकडं गेला, तर हे मी माझ्या फोनात घेणार. मग लागतील तसं माझ्याकडून मागून घ्यायचं."

"मागून कामून? माझं हाय ते."

"तुमचं हाय म्हणूनच अट घातलोय. आणि तो गुप्त नंबर कुणाला सांगायचा न्हाई. आईलाबी न्हाई."

"तिला तर आधी न्हाई," मी म्हणालो.

हे सगळं घरवालीच्या समोर चाललं होतं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

नंबर लपवायचा म्हटल्यावर मला शिकवायची गरज नव्हती. किराणा दुकानात पैसे देताना मी खांद्यावरचा रुमाल काढून फोनवर टाकायचो. आता आकडे दिसायला पाहिजेत म्हणून डोकंही आत घालावं लागायचं. दुकानदार म्हणायचा, "मामा, आत कोंबडी धरलाव का?" म्हणू दे. नंबर कुणाला दिसला नाही, एवढं खरं.

एक गोष्ट मात्र मी मुलाला सांगितली नव्हती. फोन त्यानं कन्नडात लावून दिला होता. कन्नड मी बोलतो, कन्नडात भांडतो, पण कन्नड वाचायला मला येत नाही. हे त्याला सांगितलं असतं तर त्यानं दोन मिनिटांत मराठी करून दिलं असतं, पण सांगावं लागलं असतं ना. मी बटणं जागेवरून ओळखायचो, जसं अंधारात दावणीला बैल ओळखतात. मुलाचं उलट आहे. तो मराठी बोलतो, पण वाचत नाही. म्हणून तर हे सगळं मी निवांत लिहू शकतोय.

मग म्हैस विकायची ठरली. म्हणजे मी ठरवली. गुडघे गेलेत, वैरण कापायला बसलो की उठवायला माणूस लागतो. घरवालीला विचारलं नव्हतं असं नाही, ठरवल्यावर विचारलं.

"विका," ती म्हणाली. "मलाबी विका. दोघींचं एकच दावं लागंल." आणि त्यानंतर ती माझ्याशी कमी आणि म्हशीशी जास्त बोलायला लागली.

बाजारात चालत न्यायचं बळ नव्हतं, म्हणून मुलानं म्हशीचा फोटो काढून फोनातल्या बाजारात टाकला. खाली भाव आणि माझा फोन नंबर. तिसऱ्या प्रहरी मी अंगणात बाजेवर बसलो होतो आणि फोन आला. मला कमी ऐकू येतं, त्यामुळं माझ्या फोनाचा आवाज नेहमी बाहेर असतो. पलीकडचा माणूस शुद्ध हिंदीत बोलत होता, आपल्या दखनीत नाही. म्हणाला, मी फौजेत आहे, झहीराबादजवळ आमचं शेत आहे, आईला म्हैस पाहिजे. भाव सांगितलाय तो कबूल.

कबूल. म्हणजे एक पैसाही तोडला नाही. दात विचारले नाहीत, कास विचारली नाही, किती वेताची आहे ते विचारलं नाही. हे माझ्या लक्षात आलं नाही असं कुणी समजू नये. लगेच लक्षात आलं. पण तो पुढं म्हणाला, "फोटो देखके ही समझ गया चाचा, पालनेवाला शौकीन आदमी है." आता हे खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

"पहले बयाना लो चाचा. दो हजार भेजता हूँ. स्क्रीन पे आएगा, आप अपना नंबर दबाओ, पैसा आपके खाते में."

आता मला सांगा, यात खटकण्यासारखं काय होतं? त्यानं त्याच्या बाजूनं दाबलं, आता मी माझ्या बाजूनं दाबायचं. दोघांनी दाबल्याशिवाय सौदा होतो का? उलट मला वाटलं, फौजेतला असून रीतीचा माणूस आहे. फोनावर कन्नडात काहीतरी आलं, खाली नंबर भरायची जागा आली. मी रुमाल टाकला, डोकं आत घातलं आणि दाबला. फोन टुणकन वाजला.

"आया क्या?"

"देखतौं, ठैरो."

"नहीं आया होगा. सर्वर का प्रॉब्लम है. अब पूरी रकम का भेजता हूँ, फिर दबाओ, दोनों साथ में आएगा. जल्दी करो चाचा."

घाई करणाऱ्याचा हात मी सोडून देतो. तो फसवतो म्हणून नाही, मला कुणी घाई केलेली चालत नाही म्हणून. मी म्हणालो, "तंबाकू खाके देखतौं." आणि खरंच डबी काढली, चुना लावला, मळायला लागलो. पलीकडं तो जल्दी, जल्दी करत होता. मी मळत होतो. शेवटी त्याचा तोल गेला.

"अरे बुड्ढे, दबा ना."

मी फोन बंद केला. म्हातारा मी आहे, त्यात वाद नाही. पण वय काढायचं तर आधी येऊन दात बघावेत.

घरवाली गोठ्याच्या दारात म्हशीची पाठ घासत होती. तिनं मागं न बघता विचारलं, "बयाणा आला का?"

"यायलाय."

"कुठपर्यंत आलाय?"

मी फोन डोळ्यांजवळ नेला. तेवढ्यात बँकेचा मेसेज आला होता. अक्षरं वाचता येत नव्हती, पण फोनात आकडे सगळ्या भाषेत सारखेच दिसतात. खात्यातली रक्कम बयाण्याएवढीच बदलली होती, फक्त उलटीकडं.

दोन हजारांचं मला फार वाटलं नाही. बाजारात याहून जास्त मी हसत सोडलेत. पण रविवारी मुलगा येणार, फोन हातात घेणार, ॲप उघडणार. आणि सोमवारपासून मी "कशाला पाहिजेत" ला उत्तरं द्यायला लागणार, मरेपर्यंत.

सकाळच्या पहिल्या बसनं भालकी गाठली. बँकेत खिडकीवर एक मुलगी होती, नातीच्या वयाची. मी कन्नडात सांगितलं, आमच्या शेजाऱ्याचं असं असं झालंय. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अप्पा, पैसे घ्यायला नंबर दाबायचाच नसतो," ती म्हणाली. "नंबर फक्त देताना. कुणी घ्यायला नंबर मागितला की तो चोर. आणि असं झालं की त्याच घटकेला तक्रार करायची, म्हणजे पैसे मधेच अडवता येतात. रात्र गेली की अवघड."

"शेजाऱ्याला सांगतो."

"सांगा. आणि शेजाऱ्याचा फोन आणलाय तर द्या इकडं, तक्रार नोंदवते. पासबुकबी द्या, ते तुमच्या वरच्या खिशात दिसायलंय."

मी दिलं. तिनं तक्रार लिहून घेतली, मग जुना गुप्त नंबर बदलायला सांगितला. मी रुमाल काढला. तिनं खिडकीतून वाकून बघितलं, पण हसली नाही. चांगल्या घरची असावी.

घरी आल्यावर घरवालीनं विचारलं, "भालकीला कामून गेलता?"

"पासबुक भरायला."

"भरलं का?" एवढंच म्हणाली आणि ताट वाढलं.

रविवारी मुलगा आला. जेवण झालं. तो समोर खुर्चीवर, मी बाजेवर, घरवाली माझ्या शेजारी सुपारी कातरत. त्यानं माझा फोन उचलला, बोट वर-खाली केलं आणि थांबला.

"अप्पा, हे दोन हजार कुणाला गेलेत?"

मी रुमाल घडी करत होतो, तो मांडीवरच राहिला. मुलगा फोनवरचं नाव वाचायला लागला, परक्या मुलखातलं कुणाचं तरी नाव होतं. आणि तेव्हा मांडीवरच्या रुमालाखाली काहीतरी हललं. घरवालीचा हात होता. सुपारीचा अडकित्ता तिनं कधी खाली ठेवला, मला कळलं नाही.

तिनं माझं एकही बोट दाबलं नाही. एकेक बोट तळहातात मिटवलं आणि वरून मूठ घट्ट बंद केली.

ती आयुष्यात कधी बैलबाजारात गेलेली नाही. पण लग्न झाल्यापासून बाजारातून आलो की जेवताना मी तिचाच हात धरून सांगायचो, आज त्याला असा दाबला, मग तो असा दाबला. मला वाटायचं ती आपलं ऐकून घेते.

म्हैस घरी चालली होती. आता मी दाबायचं राहिलं होतं. मुलगा माझ्याकडं बघत होता, घरवाली समोर भिंतीकडं. मी अंगठ्यानं तिच्या बोटावर दाबलं.

मग ती बोलली. "पेंड घेतलेव म्हशीसाठी. दुकानदार नवा हाय, परमुलखातला. इकायचं न्हाई म्हणलं तिला आता, दूध वाढलंय."

"इकायचं न्हाई?" मुलानं मला विचारलं. "तुम्हीच मागं लागला होता."

"इचार बदलला," मी म्हणालो. "तुला विचारून बदलायचा का?"

तो हसला. फोन माझ्या हातात दिला. "बरं. पण ध्यानात ठेवा अप्पा, पैसे घेताना कधी नंबर दाबायचा नसतो."

"म्हाईत हाय मला. कुणाला शिकवायलास?" हे खोटं नव्हतं. दोन दिवसांपासून मला ते चांगलं माहीत होतं.

जाताना तो गोठ्यात डोकावला. "पेंडीचं पोतं दिसंना."

"उद्या यायलंय," घरवाली म्हणाली.

ते यायला पाहिजे म्हणून सोमवारी मलाच पेंडीच्या दुकानात जावं लागलं. दुकानदार मुळीच नवा नाही, आमच्याच गावातला. मी फोन काढला, रुमाल टाकला, डोकं आत घातलं. हे देणंच होतं, त्यामुळं नंबर दाबायला हरकत नव्हती. बाहेर आलो तोवर त्याच्या काउंटरवरच्या डब्यानं किती पैसे आले ते रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं होतं.

बँकेच्या तक्रारीचं पुढं काय झालं, त्याचा मेसेज आलाय. कन्नडात आहे. मुलाला वाचायला सांगता येत नाही आणि त्या खिडकीवरच्या मुलीकडं शेजारी म्हणून परत जायला जरा जड जातंय.

त्या दिवशी पेंडीचं पोतं मी गोठ्यात टेकवलं. घरवालीनं मूठ भरून पेंड भिजवली आणि टोपलं म्हशीपुढं सरकवलं.

"खा गं," ती म्हणाली. "तुझ्यापायी दोनदा पैसे भरलेत त्यांनी."

मला कमी ऐकू येतं. मी विळा घेऊन वैरणीकडं गेलो.