आधी साहेबांची बॅग

दुकानाच्या दारावरची तपासणी चोरी रोखते की केवळ माणसे निवडते, हा माझ्या अभ्यासाचा प्रश्न होता. नोएडातील एका मोठ्या किराणा दुकानात, व्यवस्थापकांच्या संमतीने, बिल न केलेली शांपूची बाटली लॅपटॉपच्या बॅगेत ठेवून मी बाहेर निघालो. रखवालदाराने मला सलाम ठोकला आणि मागच्या बाईंना अडवले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती.

"आंटी, थैला दिखाओ."

बाईंनी पिशवी पाठीमागे नेली. "रोज मेरा ही थैला? पहले साहब का बैग खोलो."

"अरे, वो तो साहब हैं!"

"और मैं चोर हूँ?"

रांग खोळंबली, लोक कुरकुरले. बाई जागच्या हलल्या नाहीत. अखेर मीच बॅग उघडली. बाटली पाहून रखवालदार गडबडला. बाईंनी मला न्याहाळले. "इतना पढ़-लिखकर शांपू?"

मी प्रयोग समजावला. तो पुरता ऐकून त्यांनी पिशवी स्वतःच टेबलावर रिकामी केली. कोथिंबीर, साबण आणि त्यांचे बिल. "अब सबका देखना," असे रखवालदाराला बजावून त्या ताठ मानेने निघून गेल्या.

एका प्रसंगाने सिद्धान्त ठरत नाही. म्हणून पुढच्या खरेदीच्या वेळी दारापाशी थोडे थांबा आणि कोणाच्या पिशव्या उघडल्या जातात, ते कृपया स्वतः पाहा.