ओला माल भरू नये

सरांनी तोंडावरच सांगितलं होतं, क्रिस्टल दाखव, नाहीतर प्रबंधावर सही नाही. माझ्या रेणूत एकमेकींना जोडलेल्या तीन कड्या होत्या आणि नायट्रोजनचे सात अणू. त्यातला एक अणू या कोपऱ्यात बसलाय की त्या, हे क्रिस्टलवर एक्स-रे टाकूनच कळणार होतं. पीएच.डी.ची शेवटची मुदतवाढ संपायला आठ दिवस उरले होते. मग नोंदणीच रद्द. सहा वर्षं मातीत!

वाशीमच्या कॉलेजात क्रिस्टल वाढेनात. सारखी दारं आपटतात, टेबलं हलतात. म्हणून द्रावणाची कुपी रिठदला घरी आणून आतल्या खोलीत कोनाड्यात ठेवली होती. चाळीस दिवस बाबांनी त्या खोलीचं दार कोणाला जोरात लावू दिलं नाही. आणि आले हो! पिवळेधमक, सुईच्या टोकाएवढे, बारा. मी रडलेच.

एक्स-रेसाठी नागपूरला न्यायला कुपी आतल्या द्रवासकट डबीत ठेवत होते, तर अंगणात सोयाबीन पसरणारे बाबा दारात आले.

"ओला माल कायले भरून राह्यली माय? ओल्या सोयाबीनले रिसोडात व्यापारी हात नाही लावत. वाळव आधी."

आणि मी वाळवले. बाबांचा काय दोष? रसायनशास्त्र ते शिकले का मी? काही क्रिस्टलांच्या आत द्रव अडकलेला असतो, तो उडाला की क्रिस्टल ढासळतो, हे बी.एस्सी.च्या पोरींना मीच तर शिकवते! पण लहानपणापासून ऐकलेलं आधी हाताला आठवलं. टिपकागदावर ओतले, सावलीत ठेवले आणि चहा प्यायला गेले. चहा! अक्कल गहाण टाकली होती मी.

परत आले तर सगळे पांढरे. चिमट्यानं एक उचलायला गेले, त्याचं पीठ झालं. दुसऱ्याचंही. तरी बाराही उचलून पाहिले. पुन्हा विरघळवून वाढवता येतात, पण चाळीस दिवस कुठून आणू?

"वाळलं का?" बाबांनी अंगणातून विचारलं.

"वाळलं, बाबा."

"मंग भर. गाडीचा टाइम झाला."

ते येऊन समोर उभे राहिले, म्हणून मी ते पीठ कापसात गुंडाळून भरलं. एसटीची वाट पाहताना भेटेल त्याला ते सांगत होते, "झालं, पोरीचं काम झालं." लोक माझ्याकडे पाहून हसत होते, आणि मी मान डोलावत होते.