ताईच्या कांजिण्या

कुवेतमध्ये, सबाह अल-सालेमच्या दवाखान्यात माझ्या कमरेवरचे फोड बघून डॉक्टर म्हणाले, "नागीण आहे. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत झोपून राहतो आणि कितीतरी वर्षांनी जागा होतो."

मला ताईची खाट दिसली, कडुलिंबाचा वास आला. कांजिण्या म्हणजे देवी घरी आली, म्हणून आई तिच्याशी हळू बोलायची, डहाळीने वारा घालायची. शेजारणी तिला चक्क हात जोडायच्या. मी इतकी जळायचे की मुद्दाम तिच्या पांघरुणात शिरले. मलाही फोड आले, पण तोवर आई दमली होती. "तुलाही आत्ताच व्हायचं होतं?" म्हणाली.

काल ताईला फोन केला.

"मला नाही बाई झाली नागीण," ती म्हणाली. "आई अजून माझ्या अंघोळीच्या पाण्यात कडुलिंब घालते ना!"

कमरेची आग त्यापुढे काहीच नव्हती.