पांढरी पडलेली मेंढरं
हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. परवा दुकानात वार्निशचा वास आला आणि भूम गावी एकट्या राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची ओसरी डोळ्यांपुढं आली. वडलांची मेंढरं विकल्यावर ती अंगठ्याएवढी मातीची मेंढरं करून रंगवायची. "लोकर कोरडी दिसली पायजे अन् डोळा ओला," म्हणायची. म्हणून अंगाला बिनचमकेचं मॅट वार्निश, डोळ्याला चमकदार ग्लॉसचा थेंब. त्या दिवशी बाहेर झड लागली होती. "आज मॅट मारू नगं, दमट हवेत पांढरं पडतं," असं बजावून ती दळण आणायला गेली. मला रंगवून झालेला तो मातीचा कळप घेऊन बस गाठायची होती, म्हणून मी मॅटचा स्प्रे मारलाच. वाळता वाळता सगळ्या मेंढरांवर, त्यांच्या डोळ्यांवरही पीठ भुरभुरल्यासारखं झालं. आक्का आली, एक मेंढरू नाकाजवळ धरून म्हणाली, "पांढरं पडलं का रं? का मलाच दिसतंय?" "कुठंय पांढरं? तुझीच नजर गेली, आक्का," मी हसण्यावारी नेलं. तिला ते खरंच वाटलं. तिनं ब्रश धुऊन ठेवले, ते पुन्हा हातात घेतलेच नाहीत. अजूनही फोनवर विचारते, "तुझे डोळे तर बरे हायत ना रं?" पांढरं मलाही दिसलं होतं, एवढं तिला सांगायचं माझ्याकडून राहिलेलं आहे.