सोमवारचं प्रस्थान

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आमच्या गावच्या पाटलांच्या धाकट्या मुलाचे आहेत. मी बी.ए. झालो तो त्याच्यामुळे. त्याआधी आमच्या घरात कोणी मराठी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. आणि आयुष्यात मी सर्वांत जास्त हेवा केला तोही त्याचाच. हे आधीच सांगतो, कारण ते लपवलं तर बाकीचं सांगता येणार नाही.

गाव वडनेर भोलजीजवळचं, मोठ्या सडकेपासून दोन मैल आत. बा नाल्यापलीकडच्या मळ्यात वांगी, मिरच्या, कांदे पिकवायचा आणि नांदुऱ्याच्या बाजारात विकायचा. आम्ही राहायचोही तिथंच. हायस्कूलसाठी आम्ही दोघं मलकापूरला होतो. तो नातेवाइकांच्या माडीवर, मी एका देवळाच्या खोलीत. वर्ग एकच. मॅट्रिकची परीक्षा देऊन परतलो तेव्हा माझं ठरलेलं होतं : पास झालो तर पटवारी व्हायचं, नाहीतर मास्तर. तो कॉलेजात जाणार होता. खरं म्हणजे त्याला जायचं नव्हतं, पाटलांना त्याला पाठवायचं होतं.

पाटलांनी त्या वर्षी मोटार घेतली होती. कॉलेज आधी डोळ्यांनी पाहायचं, असं त्यांनी ठरवलं. "बैल घ्याचा तरी आपण दात पाहतो," ते म्हणाले, "हे तं पोरगं देऊन राह्यलो." अमरावती पाहायची, नागपूर पाहायचं, मग ठरवायचं. पण कॉलेजांना इंग्रजीत पत्रं लिहायला आणि रस्ता काढायला कोणी तरी हवं होतं. माझं अक्षर बरं, नकाशे त्याहून बरे. मला बोलावणं आलं.

आठ दिवस मी पाटलांच्या बैठकीत बसून तो प्रवास कागदावर केला. नांदुरा, खामगाव, बाळापूर, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. कुठं पूल आहे, कुठं मोटार नदीच्या कोरड्या पात्रात उतरवावी लागेल, पेट्रोल कुठं मिळेल. कॉलेजांची माहितीपत्रकं आली ती आधी मीच वाचली. वसतिगृहाच्या एका खोलीत दोन खाटा आणि दोन टेबलं, असं एकात लिहिलं होतं. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तो शेजारी लोडाला टेकून फुटाणे खात होता.

"खानावळीत वांग्याची भाजी किती वेळा असते, ते पाह्य बे," तो म्हणाला. "तुह्या बाच्या वांग्यायनं जीव गेला माहा."

मी हसलो, पण आतून जळलो. ज्याला नको त्याला दोन कॉलेजांतून निवड, आणि मला त्याच्यासाठी रस्ता शोधायचं काम. मोटारीत कोण कुठं बसणार हेही मीच चौकोन काढून लिहिलं. पुढं डायव्हर आणि पाटील. मागं तो, त्याचे मामा आणि दोघांच्या मध्ये मामांचं पानदान. पायाशी पेट्रोलचे डबे. पानदानालाही चौकोन होता. माझ्यासाठी नव्हता, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

निघायचा दिवस ठरवणंही माझ्याकडंच आलं. पुढच्या शुक्रवारी पाटलांच्या घरी लग्न होतं, आणि त्यानंतर कॉलेजं बंद होणार होती. म्हणजे गुरुवारपर्यंत परतणं भाग होतं. शहाण्या माणसानं रविवार धरला असता. मी सोमवार लिहिला. सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला दिशाशूळ, तिकडं निघायचं नाही, हे आमच्याकडं पोराला वार शिकवतानाच शिकवतात. पाटील तर सोमवारी पूर्वेच्या शेतावर नवा नांगरही नेऊ देत नसत. पण जोशीबुवांना ते नेहमी आदल्या दिवशी विचारत. रविवारी विचारतील, बुवा नाही म्हणतील, मंगळवारी निघून गुरुवारपर्यंत परतणं जमणार नाही, आणि मग बेत मोडेल. मी जाणार नाही ना, मग तोही जाणार नाही. इतकं साधं गणित होतं माझं.

"रविवार काऊन नाही?" पाटलांनी विचारलं.

"जी, वाटेत दोन गावचे बाजार हायेत. बैलगाड्यायनं सडक भरून राह्यते."

"पोरगं हुशार हाय," पाटील म्हणाले. त्यांच्या मुलानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि फुटाणा तोंडात टाकला.

रविवारी सकाळी जोशीबुवा आले. पंचांग उघडलं, मान हलवली. मी कागदाची घडी करू लागलो. तेवढ्यात पाटील म्हणाले, "मंग आजच प्रस्थान ठेवू."

हे मला सुचलंच नव्हतं. प्रस्थान ठेवायचं म्हणजे चांगल्या वारी आपले कपडे, सुपारी, हळदीच्या अक्षता गाठोड्यात बांधून जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायच्या. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. दुसऱ्या दिवशी गाठोडं घेऊन पुढं जायचं, मग वाराची बाधा नाही. ठेवायचं घर मात्र शिवेजवळचं पाहिजे. गावाच्या पूर्वेला, नाल्यापलीकडं, एकच घर होतं.

संध्याकाळी तो स्वतः गाठोडं घेऊन आमच्या मळ्यात आला. बानं हात धुऊन ते घेतलं आणि खुंटीला टांगलं.

"सांभाळजो बे," तो मला म्हणाला आणि गेला.

बा पाण्याच्या पाळीला गेला. मी खुंटीसमोर उभा राहिलो. गाठोडं उलटं नाल्याकडं नेलं की प्रस्थान मोडतं. पंचवीस पावलं होती. मी गाठीला हात लावला. तेवढ्यात बाची हाक आली, "ज्याचं प्रस्थान आपल्या घरी, तो आपला पाव्हणा. सकाळी त्याले भाकरी बांधून देजो!" मी हात काढला.

सोमवारी उजाडताच मोटार आली. ज्याच्या घरी गाठोडं, त्यानंच ते गाडीत नेऊन द्यायचं असतं. मी गाठोडं आणि वांग्याच्या भरिताची शिदोरी आत ठेवली आणि मागं सरकलो.

"आबा," तो पाटलांना म्हणाला, "रस्ता यानं काढला. नदीत मोटार कुठून उतरवाची ते डायव्हरले कोण सांगन? प्रस्थान बी याच्याच घरचं."

पाटलांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बस."

"आन् हे पानदान काय मी डोक्यावर घेऊ?" मामा ओरडले. ते त्यांनी मांडीवर घेतलं. मी पानदानाच्या जागेवर बसलो. बा बांधावर उभा होता, त्याला काही कळेपर्यंत मोटार सडकेला लागली.

खामगाव मागं पडल्यावर तो माझ्या कानाशी म्हणाला, "सोमवार मुद्दाम टाकला ना बे?"

"तुले माहीत होतं? मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं रविवारीच गेलो असतो. मंग प्रस्थान तुह्या घरी कायले आलं असतं?"

मला त्या क्षणी कृतज्ञता वाटायला हवी होती. वाटला तो हेवाच, आधीपेक्षाही जास्त. मोटार त्याची होतीच, आता मनाचा मोठेपणाही त्याचाच निघाला.

अमरावतीला प्रिन्सिपॉलांसमोर त्यानं मला पुढं ढकललं. "साहेब, पत्रं यानं लिहिली." त्यांनी मला चार प्रश्न विचारले, आणि निकाल लागताच फी-माफीचा अर्ज कर म्हणाले. नागपूर पाहून परत येताना त्यानं पाटलांना सांगितलं, "मी अमरावतीले जातो. पण खोलीतली दुसरी खाट याची."

ती खाट मला मिळाली. पाटील आजारी पडले म्हणून तो वर्षभरात शेतीवर परतला, मी राहिलो. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी त्याला हे पत्र पाठवलं :

सप्रेम नमस्कार.

मी पास झालो. बाला तूच वाचून दाखव, आणि पुढच्या चार ओळी सोडून वाच.

त्या रविवारी तुझं गाठोडं मी सोडलं होतं. उलटं नेणार होतो, ते बाच्या हाकेनं राहिलं. पण बा वाफ्यात होता तोवर तुझा कोट काढून घातला. तो मला नीट बसला, याचंच जास्त वाईट वाटलं. मग घडी घातली, गाठ तशीच बांधली. तुला कोटाला मातीचा वास आला असेल, तर तो माझा.

पदवीदान नागपूरला आहे, तू यायचंस. सोमवारीच निघ. गाठोडं आदल्या दिवशी आमच्या मळ्यात ठेव, बा भाकरी बांधून देईल. आणि येताना त्याला तुझ्या शेजारी बसव.