सुकटीखालच्या पेट्या

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याला ठाऊक आहे, पण ते तिथेच होते — त्यांना सांगावं लागलंच नाही.

दोन हजार पाचच्या आसपास जेद्दात आमचं छोटं गोदाम होतं. कामगारांच्या कॅम्पात राहणाऱ्या रत्नागिरीच्या पोरांना आम्ही गावची सुकट, बोंबील विकायचो. उरलेल्या जागेत आमच्या कफीलचे, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा होता त्या अरबाचे, पाण्याचे पंप असत. ते गलबतातून समुद्रापलीकडे जायचे. तिकडे यादवी पेटली होती. सरकारकडे विमानं, आणि डोंगरातल्या लोकांकडे? साधा खिळा बनवणारा कारखाना नव्हता.

एकदा एका पेटीची फळी निघाली. आत बंदुका.

"सलमा, हे पंप नाहीत गं," हे म्हणाले.

"दिसतंय. मला डोळे आहेत."

कफील सरळ बोलला — नको असेल तर माल दुसरीकडे हलवतो. इकामा, राहायचा परवाना, रद्द करायची धमकी नाही, काही नाही. म्हणजे तीही सबब मला नाही. "राहू द्या," असं मीच म्हणाले. दुबळ्यांची बाजू होती ना? खरं सांगू — मला बघायचं होतं, जमतं का.

आणि जमलं! कस्टमवाला तपासायला येणार कळल्यावर मी पेट्यांवर सुकटीची पोती रचली, जरा पाणी मारून. वर तापलेला पत्रा. तो दारात आला, डोक्यावरचा रुमाल नाकावर दाबला आणि "खलास! यल्ला, यल्ला!" करत पळाला. मी दाराआड अबायात तोंड खुपसून हसत होते. शाळेत माझा कधी पहिला नंबर आला नाही. त्या दिवशी आला. घरी बिर्याणी केली!

गलबताचा तांडेल आमच्याच गावचा. परतल्यावर चहा पिता पिता म्हणाला, "भाभी, तुमच्या त्या पंपांनी विहिरीवरच्या बायका मारल्या. गाव दुसऱ्या बाजूचं, म्हणून. घागरी घेऊन उभ्या होत्या."

"आता पुरे," म्हणून हे उठून गेले.

आणि मी? मी तांडेलाला विचारलं — पुढची खेप कधी?

त्या खेपेची पोतीही मीच रचली. आधीपेक्षा नीट. तीही गेली.

आता चिपळूणला असते. तव्यावर सुकट टाकली की नाक दाबून पळणारा तो माणूस आठवतो, आणि हसू येतं. विहीरही आठवते. पण आधी हसू येतं.